दर गुरुवारी कराड

लग्न होऊन मी साताऱ्याहून सांगलीला आले, त्याच हिवाळ्यात माझे सासरे सायकलवरून पडले. ते डॉक्टर होते आणि साठीला आलेले होते. त्यांच्याकडे एक जुनी, लांबलचक अमेरिकन मोटार होती. पण युद्ध संपलं तरी पेट्रोल अजून कुपनावरच मिळत होतं आणि महिन्याचं पेट्रोल महिना संपायच्या कितीतरी आधी संपायचं. मग मोटार पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहायची आणि मामंजी सायकलवरून पेशंट बघायला जायचे. गावभागातल्या एका बोळात समोरून म्हैस आली. म्हशीला काही झालं नाही. मामंजींचा उजवा हात गळ्यात बांधावा लागला आणि पुढे बरेच दिवस त्यांनी डाव्या हाताने लिहिलेली औषधं कंपाउंडरने अंदाजाने दिली. त्या दिवसांत नेहमीइतकेच पेशंट बरे झाले, ही गोष्ट मामंजींना फार लागली.

हात गळ्यात असतानाच एक दिवस मिस्त्री आले. ते युद्धात मिसर देशात लष्कराच्या कारखान्यात मोटारी दुरुस्त करत होते. परत आल्यावर त्यांनी मिरजेच्या रस्त्याला स्वतःची शेड टाकली होती. आले होते पाठीचं गळू दाखवायला, पण पालथं पडल्यापडल्या त्यांचं लक्ष दारातून दिसणाऱ्या मोटारीकडे होतं.

"डॉक्टरसाहेब, पेट्रोलच्या नादाला लागू नगा," ते म्हणाले. "लष्कराच्या लिलावात मी एक डिझेल इंजान घेऊन ठिवलंय. तुमच्या गाडीत बसवतो. पिठाच्या गिरणीला लागतंय त्येच तेल हिला चालतंय."

"कुठल्या गाडीचं आहे ते?" मामंजींनी विचारलं.

"ते इचारू नगा. चांगलं हाय."

मामंजींनी गळू कापलं आणि मिस्त्रींनी इंजिन बसवलं. ते जुन्या इंजिनापेक्षा उंच होतं, त्यामुळे बॉनेट मिटेना. मग कल्हईवाल्याच्या शेजारच्या पत्रेकाराकडून वर एक पत्र्याचा उंचवटा करून घेतला. गाडीला पोक आलं. ती सुरू झाली तेव्हा स्वयंपाकघरातल्या फळीवरची भांडी एकेक करून पुढे सरकू लागली आणि सासूबाईंनी फळीला एक आडवी पट्टी ठोकून घेतली.

या गाडीचा गावाला फायदाच झाला. मामंजी दोन गल्ल्या पलीकडे असतानाच कळायचं की डॉक्टर येताहेत. पथ्य मोडून जेवायला बसलेल्यांना ताट झाकायला वेळ मिळे. मामंजी मात्र म्हणत, की ही गाडी आल्यापासून लोक पथ्य फार चांगलं पाळतात.

गाडी गावात नीट चालवायची म्हणून मामंजींनी आपली सगळी पद्धत बदलली. पूर्वी ज्याचा निरोप आधी, त्याच्याकडे आधी जात. आता ज्या पेठेत गाडी शिरेल त्या पेठेतले सगळे पेशंट एका दमात. खणभागातल्या माणसाला सोमवारी ताप आला तर ठीक. मंगळवारी आला तर त्याने बुधवारपर्यंत थांबावं किंवा टांगा करून यावं. इंजिन एकदा बंद केलं की थंडीत चालू व्हायला कुरकुर करी, म्हणून ते पेशंटच्या दारात गाडी चालूच ठेवून आत जात. आत नाडी बघताना बाहेरचे ठोके इतके मोठ्याने ऐकू येत की एकदा त्यांनी गाडीचे ठोके मोजून एका म्हाताऱ्याला झोपूनच राहा म्हणून सांगितलं. हे त्यांनी स्वतःच घरी येऊन सांगितलं, हसले मात्र नाहीत.

तेल गाळायचं काम माझ्याकडे होतं. गिरणीवाल्याकडून आलेला डबा न हलवता परसात ठेवायचा, पाणी आणि गाळ तळाशी बसू द्यायचा, मग वरचं वरचं तेल सासूबाईंच्या जुन्या मलमलीच्या तुकड्यातून दुसऱ्या डब्यात ओतायचं. नव्या नवरीला दिलेलं हे काम बघून शेजारच्या बायकांना वाईट वाटे. मला वाटत नसे. स्वयंपाकघरात माझ्यावर लक्ष असे, परसात नसे.

चैत्र उजाडेपर्यंत गाडी बिघडली. सकाळी चालू होईना, झाली तर काळा धूर सोडी. गल्लीतल्या वाळवणाच्या कुरडया करड्या झाल्या. मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी इंजिनाच्या डोक्यातून बोटाएवढी एक नळी काढून ओट्यावर ठेवली. तिच्या तोंडातून तेलाचा फवारा उडतो, असं त्यांनी सांगितलं. त्या तोंडाशी काळी, कडक खरपुडी बसली होती. सासूबाई दारातून बघत होत्या.

"दूध करपल्यावर पातेल्याला बसतं तसं झालंय," त्या म्हणाल्या.

"तसंच हाय, आईसाब," मिस्त्री म्हणाले. "आवं डॉक्टरसाहेब, गावातल्या गावात फिरून हिला ऊब धरत न्हाई. ऊब धरायच्या आत तुमी थांबताय. आन थांबला की चालूच ठिवताय. जागेवर घुरघुरत ऱ्हायली की तेल अर्धं जळतंय आन अर्धं बसतंय. दारात उभी करायची तर बंद करा. आन आठवड्यातनं एकदा हिला लांब पळवा. चांगली तापली पायजे, भारानं वडली पायजे. मग ही खरपुडी आपली आपण जळून जाती."

"लांब म्हणजे किती लांब?"

"कराडपतूर जाऊन आली तर लय झालं."

मामंजींनी हे एखाद्या मोठ्या डॉक्टरचं मत ऐकावं तसं मान खाली घालून ऐकलं. पेशंटला रोज फिरायला जा म्हणून तेही सांगत आणि कोणी जात नसे, हे त्यांना ठाऊक होतं. आपण तसे पेशंट व्हायचं नाही, असं त्यांनी ठरवलं असावं.

बंद करायचा प्रश्न त्यांनी दोन दिवसांत सोडवला. सांगली सपाट गाव, पण नदीच्या घाटाकडे उतरणारे रस्ते आहेत. तिथल्या पेशंटकडे गाडी उतारावर लावायची म्हणजे निघताना ढकलावी लागत नाही. त्या बाजूच्या लोकांची प्रकृती त्या वर्षी डॉक्टरांनी फार काळजीने पाहिली.

लांब न्यायचा प्रश्न मात्र घरात जेवताना काढावा लागला. मामंजींनी गाव सोडून जाणं शक्य नव्हतं. ते कधीच जात नसत. आमचे हे कॉलेजात गणित शिकवत. त्यांना मोटार लागायची. कृष्णेचा पूल ओलांडला की गप्प होत आणि आष्टा यायच्या आत पिवळे पडत. एक ड्रायव्हर ठेवून पाहिला. पहिल्याच फेरीला तो गाडी घेऊन गेला आणि दुपारी चार माणसं आणि एक करडू घेऊन परत आला. ते करडू गाडीत बसलेल्यांपैकी कोणाचंही नव्हतं. ड्रायव्हर गेला.

दुसऱ्या दिवशी मामंजी जेवता जेवता मला म्हणाले, "सूनबाई, साताऱ्याला तू सायकलवरून शाळेत जायचीस ना?"

"हो."

"पडली होतीस कधी?"

"नाही."

"मग झालं," ते म्हणाले आणि त्यांनी ताक मागितलं.

सासूबाईंनी ताक वाढलं. माझ्या मनात आनंद होता की भीती हे मला आज सांगता येणार नाही. पानातली भाकरी मी संपवली एवढं आठवतं.

विश्रामबागेकडच्या मोकळ्या माळावर मामंजींनी मला शिकवलं. त्यांची शिकवण थोडक्यात अशी होती: कान इंजिनाकडे ठेवायचा, ते कण्हायला लागलं की गिअर खाली घ्यायचा, हौसेने वरच्या गिअरमध्ये ओढत न्यायचं नाही, आणि ते ओरडायला लागलं की वर घ्यायचा. मधल्या आवाजात ते सुखी असतं. पाचवारी साडी पेडलमध्ये अडकायची, म्हणून मी गाडीसाठी नऊवारी नेसू लागले. लग्नात मी पाचवारीचा हट्ट धरला होता, तेव्हापासून सासूबाई माझ्याशी जरा जपून बोलत. नऊवारी बघून त्यांचा चेहरा सैल झाला. परवाना द्यायला आलेल्या अधिकाऱ्याने मला गाडी खांबापर्यंत मागे न्यायला सांगितली. मी नेली. खिडक्यांच्या काचा वाजायच्या थांबेपर्यंत त्याने वाट पाहिली आणि सही केली.

सून एकटी कराडला जाणार नाही, हे उघड होतं. तेव्हा सासूबाई मागच्या सीटवर बसल्या. बरोबर दशम्या, लसणाची चटणी, फिरकीचा तांब्या. गुरुवारी मामंजी दिवसभर धर्मार्थ दवाखान्यात एका जागी बसत, म्हणून गुरुवार ठरला.

पहिल्या गुरुवारी पूल गेला, डिग्रज गेलं, आष्टा, इस्लामपूर गेलं. पेठ गावाला पुण्या-बंगळुराचा मोठा रस्ता लागतो. तिथे मी गाडी थांबवली. डावीकडे कोल्हापूर, उजवीकडे कराड. इंजिनाला दोन्ही सारखंच होतं, म्हणून मी मागे वळून विचारलं, "आई, कुठे वळू?"

रस्त्यावरून एक उसाची गाडी गेली, ती दिसेनाशी होईपर्यंत त्या बघत राहिल्या.

"मिस्त्री कराडच म्हणाले होते," त्या म्हणाल्या.

कराडला कृष्णा-कोयनेच्या संगमावर आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर बसून दशम्या खाल्ल्या. गाडीभोवती माणसं जमली. एकाने विचारलं, "वैनी, ही गिरण फिरती हाय का?" तासाभराने आम्ही परत निघालो. गाडी येताना वेगळीच चालत होती, घसा मोकळा झाल्यासारखी. घरी आल्यावर मामंजींनी धुराड्याच्या नळीत बोट घालून पाहिलं, रुमालाला पुसलं आणि समाधानाने मान हलवली.

रात्रीची जेवणं झाल्यावर मी यांना सांगितलं, की आई कराडच्या घाटावर सबंध वेळ गावाकडे पाठ करून बसल्या होत्या.

"बसणारच," हे म्हणाले. "मावशी तिथे राहते."

यांना सख्खी मावशी आहे हे मला लग्नात कोणी सांगितलं नव्हतं. सासूबाईंची धाकटी बहीण. तिच्या मुलीच्या लग्नाला मामंजी उशिरा पोचले. सगळी मंडळी आदल्या दिवशी कराडला गेली होती, पण मामंजी एका बाळंतिणीजवळ अडकले. ती सकाळी दगावली. तिथून ते आंघोळ करून तसेच निघाले. मंडपात आले तेव्हा अक्षता पडून पंगत बसत होती. कोणीतरी त्यांच्या हातात अक्षता दिल्या होत्या, त्या मुठीत धरून ते उभे होते. मावशी सगळ्यांदेखत म्हणाली, "आमच्या डॉक्टरांना मरणाऱ्यांसाठी वेळ असतो, जगणाऱ्यांसाठी नसतो." तिला बाळंतिणीचं माहीत नव्हतं. सासूबाई पानावरून उठल्या आणि न जेवता स्टेशनवर जाऊन बसल्या. पुढे मावशीचे यजमान वारले, तेव्हाही त्या गेल्या नाहीत.

"आणि मामंजी?" मी विचारलं.

"बाबांना ते बोलणं बरोबर वाटलं होतं," हे म्हणाले. "आता ते विसरलेही असतील."

दर गुरुवारी आम्ही कराडला जात राहिलो. संगमावर बसायचं, दशम्या खायच्या, परत यायचं. सासूबाई गावाकडे पाठ करून बसत. पण आमची गाडी गुपचूप येणारी नव्हती. ती अलीकडच्या मलकापुरात शिरली की कराडात ऐकू येत असावी. असे काही गुरुवार गेल्यावर एक दिवस पांढऱ्या साडीतली एक बाई घाटावर आली आणि आमच्या दोन पायऱ्या वर बसली. नाक सासूबाईंचंच होतं. तिने सासूबाईंकडे पाहिलं नाही. मला म्हणाली, "गाडी तू चालवतेस?"

"हो."

"धूर फार करते."

"पूर्वी जास्त करायची," मी म्हटलं.

सासूबाई नदीकडे बघत मला म्हणाल्या, "त्यांना विचार, दशमी खाणार का."

मी विचारलं. मावशी मला म्हणाली, "सांग, तीळ जास्त असतील तर नको." मी सांगितलं. सासूबाई मला म्हणाल्या, "तीळ लहानपणीही चालायचे नाहीत." आणि त्यांनी तीळ नसलेली एक दशमी माझ्या हातात दिली. ती त्यांनी वेगळी करून आणली होती. मी ती दोन पायऱ्या वर नेऊन दिली.

पुढचे कितीतरी गुरुवार हे असंच चाललं. दोघी एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर बसून माझ्यामार्फत बोलत. पापड किती झाले, अमक्याचं लग्न कुठे जमलं, गुडघ्याला काय लावतेस. एवढ्या तेवढ्यासाठी मी पायऱ्या चढत-उतरत नव्हते, जागेवर बसूनच मान इकडून तिकडे वळवत होते. दोघींना एकमेकींचं ऐकू येतच होतं, तरी मी तेच पुन्हा सांगितल्याशिवाय उत्तर मिळत नसे. एकदा मी कंटाळून नुसतीच मान हलवली, तर दोघींनीही माझ्याकडे नापसंतीने पाहिलं.

पावसाळा संपल्यावर मिस्त्री म्हणाले, की इंजिन आता बरं आहे, पण तेवढ्या रस्त्याला सरावलंय. जरा पुढे न्या. पुढच्या गुरुवारी मी घाटावर हे सांगितलं. मावशी मला म्हणाली, "उंब्रजला माझं काम आहे. सांग, नेत असाल तर येते." मी सासूबाईंकडे मान वळवली. त्या उठल्या, गाडीत मागे बसल्या आणि सरकून अर्धी सीट मोकळी केली.

कराड सुटून गाडीने वेग धरला तेव्हा मागून मावशीचा आवाज आला. ती काहीतरी बोलली. इंजिनाच्या आवाजात मला कळलं नाही.

"काय?" सासूबाईंनी विचारलं. त्या दोघींमधला तो पहिला सरळ शब्द.

मावशी पुन्हा बोलली, जरा मोठ्याने.

"ऐकू येत नाही गं."

"मी चुकले म्हणतेय," मावशी ओरडून म्हणाली. "मांडवात बोलले ते. मला त्या बाळंतिणीचं माहीत नव्हतं."

"कुणाचं?"

"बाळंतिणीचं."

मी आरशात पाहिलं. त्या आरशात गाडी चालू असताना प्रत्येक वस्तू दोन दिसायच्या. दोन सासूबाई आणि दोन मावश्या बसल्या होत्या. मला वाटतं सासूबाईंना पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं. पण मी त्यांना कधी विचारलं नाही.

मग बराच वेळ दोघीही ओरडून बोलत होत्या. डॉक्टर किती वाईट अवस्थेत मंडपात आले होते, मावशीच्या जावयाकडच्या लोकांनी काय काय ऐकवलं होतं, शिरा किती उरला होता. मी रस्त्याकडे बघत होते. उंब्रजला चहाच्या दुकानासमोर झाड होतं, तिथे मी गाडी सावलीला घेतली आणि मामंजींच्या नियमाप्रमाणे इंजिन बंद केलं. सासूबाईंच्या ते लक्षात आलं नाही. त्या बोलण्याच्या मध्यावर होत्या आणि त्याच आवाजात पुढे म्हणाल्या, "तुझे यजमान गेले तेव्हा मी यायला पाहिजे होतं."

चहाच्या दुकानातली सगळी माणसं वळली. बशीतून चहा पिणाऱ्या एका म्हाताऱ्याने बशी खाली ठेवली. मावशीने डोळ्याला पदर लावला आणि हळू आवाजात म्हणाली, "आता आलीस ना."

दुकानदाराने कप आणून दिले आणि म्हणाला, "घ्या, मावशी. गरम हाय." उंब्रजला मावशीचं काही काम नव्हतं. आम्ही चहा घेऊन परत फिरलो.

त्यानंतर घाट सुटला आणि गुरुवारचं जेवण मावशीच्या घरी होऊ लागलं. मला पायऱ्यांवर बसून माना वळवाव्या लागत नव्हत्या, पण आता दोघी थेट भांडत. वर्षांचा साठा होता. वांग्याच्या भरितात दाण्याचं कूट घालायचं की नाही यावर त्या एका गुरुवारी निघायच्या वेळेपर्यंत बोलत होत्या आणि आम्हाला सांगलीला पोचायला दिवेलागण झाली.

मामंजींना मी उंब्रजची हकीकत सांगितली. पुढच्या गुरुवारी सकाळी ते कपडे करून गाडीत पुढे बसले. दवाखान्याच्या दारावर पाटी लावली होती, की डॉक्टर परगावी आहेत. सासूबाई ती पाटी बघून आल्या, खरी वाटेना म्हणून असेल. कराडला मावशीने त्यांना पाटावर बसवलं, समोर रांगोळी काढली आणि वाढताना तिचा हात थरथरत होता. मामंजींनी पोटभर जेवून हात धुतले आणि म्हणाले, "हात दाखव बघू. ही थरथर कधीपासून आहे?" मावशी म्हणाली, "आत्तापासून." मामंजींनी तरीही औषध लिहून दिलं.

वर्ष भरत आलं तेव्हा मिस्त्रींनी ती नळी पुन्हा काढून पाहिली. तोंड स्वच्छ होतं. "आता लय चांगलं हाय," ते मामंजींना म्हणाले. "आता म्हयन्यातनं एकदा नेली तरी चालंल."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. "महिन्यातून एकदा फार कमी होईल," त्या म्हणाल्या. "पातेलं रोज घासलं तरच स्वच्छ राहतं."

मिस्त्रींनी मामंजींकडे पाहिलं. मामंजी म्हणाले, "त्या म्हणतात ते बरोबर आहे." गुरुवार चालू राहिले.

मग मला दिवस राहिले. बाळंतपणाला मी माहेरी जायची होते. सातव्या महिन्यात ओटी भरल्यावर मला साताऱ्याला कसं न्यायचं याचा विचार सुरू झाला. रेल्वेने साताऱ्याचं स्टेशन गावापासून लांब पडतं, तिथून पुढे टांग्याचे धक्के. मामंजी म्हणाले, गाडीत मागे बसली काय आणि पुढे बसली काय, पोटाला धक्का सारखाच. उलट चाक जिच्या हातात असतं तिला खड्डा आधी कळतो. मावशीला कळलं तेव्हा तिनेही कराडला आपली पिशवी भरून ठेवली. अशा रीतीने मी माझ्या बाळंतपणाला मोटार चालवत गेले आणि मागे सासूबाई आणि मावशी बाळाला घुटी कोणती द्यायची यावर बोलत होत्या. मी सावकाश नेली. नागठाण्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला एकदा उतरून जरा पाय मोकळे केले, तेवढंच.

आमच्या साताऱ्याच्या घरासमोर गाडी थांबली तेव्हा आवाज ऐकून सगळी गल्ली बाहेर आली होती. माझे वडील पायरी उतरून आले. ते शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, शिस्तीचे. त्यांनी विहीणबाईंना नमस्कार केला, मावशीला केला, माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग ते गाडीला वळसा घालून पलीकडे गेले, पुढच्या सीटवर वाकून पाहिलं आणि परत आले.

"ड्रायव्हर चहाला गेला का?" त्यांनी सासूबाईंना विचारलं.

"ड्रायव्हरला आधी पाणी द्या," सासूबाई म्हणाल्या. "आणि सातवा महिना आहे, पाटावर नको, खुर्चीवर बसवा."

वडिलांना हे समजायला थोडा वेळ लागला. मग आत जाऊन त्यांनी स्वतःची आरामखुर्ची बाहेर आणली.

संध्याकाळी एक गोष्ट सगळ्यांच्या एकदमच लक्षात आली, की गाडी परत कोण नेणार याचा विचार कोणी केला नव्हता. मी तर आता इथेच राहणार होते. सांगलीला तार केली. मिस्त्री येणार होते, पण त्यांच्या पुतणीचं लग्न निघालं आणि त्यांना यायला आठवडा लागला. तोवर दोन्ही विहिणी आमच्या घरी. लेकीच्या सासरची माणसं इतके दिवस माहेरी राहायला आलेली आमच्या आईने कधी ऐकलीही नव्हती. पहिल्या दिवशी तिने पुरणपोळी केली, दुसऱ्या दिवशी श्रीखंड; तिसऱ्या दिवशी सासूबाई स्वतःच पदर खोचून चुलीपुढे बसल्या आणि म्हणाल्या, "विहीणबाई, आता पिठलं करू." आईने त्या दिवशी प्रथम पोटभर श्वास घेतला.

मिस्त्री आले आणि त्यांनी गाडी चालू केली. धूर गल्लीच्या टोकापर्यंत गेला. त्यांनी कान लावून ऐकलं.

"आठ दिस उभी हुती. थोडी लांबनं न्यायला पायजे," ते म्हणाले.

सासूबाई आणि मावशीने एकमेकींकडे पाहिलं. "वाई कितपत लांब आहे?" मावशीने विचारलं.

वाई सांगलीच्या बरोबर उलट्या दिशेला आहे, हे मिस्त्रींनी दोनदा सांगून पाहिलं. दोघी मागच्या सीटवर बसल्या, पिशव्या पायाशी ठेवल्या आणि गणपतीला नारळ घ्यायचा की एकवीस दूर्वा पुरतील यावर बोलू लागल्या. गाडी गेली.

वडील बराच वेळ रस्त्यावर उभे होते. आत येऊन ते माझ्या खुर्चीजवळ बसले, चष्मा पुसला, आणि आई ऐकत नाही असं बघून विचारलं, "ते मधलं पेडल कशाचं असतं?"

"ब्रेकचं," मी म्हटलं.